खण दोनच, प्रती तीन



गेल्या महिन्यात स्वाध्यायानंतर दोघीतिघींनी एकच प्रश्न विचारला. "फोन भरलाय, लॅपटॉप भरलाय, मुलगा म्हणतो घरात एक हार्ड डिस्कची पेटी बसवू, चार डिस्कची घेऊ की सहाची?" तिथे उभ्या उभ्या उत्तर दिलं, पण ते अर्धवटच झालं. आमच्या घरी या पेटीवरून चांगला महिनाभर वाद झाला होता, म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: पेटी लहान घ्या, प्रती जास्त करा.

या पेटीला दुकानात "नॅस" म्हणतात. डबा म्हणा ना. त्यात दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्क बसतात. एक डिस्क बसण्याच्या जागेला दुकानदार "बे" म्हणतो, मी आपला फडताळातला खण म्हणते. डबा एका वायरने वायफायच्या राउटरला जोडायचा. मग घरातला कुठलाही फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यातलं उघडू शकतो आणि सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप तिथे जाऊन बसतात. संगणक चालू ठेवावा लागत नाही, डबा स्वतःच एक छोटा संगणक असतो.

आम्हाला त्याची गरज का वाटली, ते सांगते. सासूबाईंचा आवाज फार गोड होता. पहाटे स्नान करून त्या स्तोत्र म्हणायला बसल्या की आम्ही स्वयंपाकघरात भांड्याचा आवाजसुद्धा करत नसू. शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांचं बरंच काही फोनवर टेप केलं होतं. स्तोत्रं, पाळणे, दशलक्षणातल्या पूजा, आणि मेथीच्या सांडग्यांचं प्रमाणसुद्धा. फोन भरला म्हणून सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि फोनवरून काढून टाकलं. त्या गेल्यानंतर आठ महिन्यांनी झाडताना ती डिस्क टेबलावरून पडली. उंची अडीच फूटसुद्धा नसेल. नंतर तिच्यातून नुसता टिक टिक आवाज येत राहिला. डेटा काढून देणाऱ्याने तीस हजार सांगितले, ते दिले, आणि हाती आले ते लग्नाचे काही फोटो आणि मुलाच्या शाळेचे प्रोजेक्ट. आवाजाची एकही फाईल नीट आली नाही.

पुढे वन्संच्या व्हॉट्सअॅपमध्ये एक तुकडा सापडला. अट्ठेचाळीस सेकंदांचा. कधीतरी मीच त्यांना पाठवला होता. आज सासूबाईंचा आवाज म्हणून आमच्याकडे आहे तो तेवढाच. मी जपून ठेवलेलं सगळं गेलं आणि सहज कुणाला देऊन टाकलेलं तेवढं राहिलं. पुढचं सगळं मी या एका गोष्टीवरून लिहिते आहे.

मुलाचं म्हणणं होतं, चार खणांची पेटी घेऊ. त्याचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. चार डिस्क चारचार टेराबाइटच्या घेतल्या आणि "रेड ५" पद्धतीने लावल्या, तर बारा टेराबाइट वापरायला मिळतात आणि चारातली कुठलीही एक डिस्क बिघडली तरी काही जात नाही. दोन खणांत मात्र दोन डिस्क एकमेकींचा आरसा होऊन बसतात, त्याला "रेड १" म्हणतात. चार अधिक चार आठ, पण वापरायला मिळतात चारच. म्हणजे निम्मे पैसे सुरक्षिततेत गेले. शिवाय चार खणांत आज दोन डिस्क लावून पुढे वाढवता येतात. हे सगळं खरं आहे.

मी त्याला एवढंच विचारलं, "आपल्याकडे ठेवायला आहे किती?" कुणालाच सांगता येईना. मग एका रविवारी आम्ही घरातले चार फोन, दोन लॅपटॉप आणि तीन पेन ड्राइव्ह मोजले. दीड टेराबाइटच्या आसपास निघालं. त्यात काय होतं? "शुभ सकाळ"ची चित्रं. एकाच केकचे सदतीस फोटो. डाउनलोड केलेले सिनेमे. कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ, ज्यात आम्ही जेवणाच्या रांगेत पाठमोरे उभे आहोत. खरोखर आपलं, गेलं तर पुन्हा मिळणार नाही असं निवडायला बसलो तेव्हा नव्वद जीबीसुद्धा भरलं नाही.

आपण परिग्रह-परिमाणाची भाषा सोनं, जमीन, धान्य, भांडी यांच्यापुरती ठेवली आहे. पण आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तूत नाही, वस्तूवरच्या ममत्वात सांगितला आहे. मग फोनमधले सत्तर हजार फोटो, जे आपण कधी उघडून बघत नाही पण पुसायचं म्हटलं की जीव वर येतो, ते कशात मोडतात? ते दिसत नाहीत, जागा अडवत नाहीत, म्हणून ते व्रतातून सुटतात असं मला वाटत नाही. उलट हा परिग्रह जास्त फसवा आहे. कपाट भरलं की दार लागत नाही, निदान कळतं तरी. इथे मात्र डिस्क भरली की मोठी डिस्क मिळते आणि ती भरली की अजून मोठी.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की दुकानात जाण्याआधी घरात बसा. दशलक्षणातला उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य हे दोन दिवस यासाठी फार चांगले आहेत. उपवास असतो, स्वयंपाकाची घाई नसते. आम्ही तेव्हाच बसलो आणि दीड टेराबाइटचे सहाशे जीबी झाले. मोजूनच मर्यादा घातली: हे घर चार टेराबाइटच्या पलीकडे जाणार नाही. भरलं तर निवडायचं, नवा डबा आणायचा नाही. मर्यादा ठरल्यावर चार खणांचा प्रश्नच मिटला.

आता खरेदीचं सांगते, कारण तुम्हाला तेही हवं आहे.

आम्ही दोन खणांचा साधा डबा घेतला, तो वीस हजारांच्या आसपास पडला. चार टेराबाइटच्या दोन डिस्क मिळून बावीस हजार. दर सारखे बदलतात, तेव्हा आकडे अंदाजासाठी धरा. चार खणांचा हिशेब याच्या दुपटीच्या घरात जात होता. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टर, टेरामास्टर ही नावं तुम्हाला दिसतील. सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर नवख्या माणसाला सोपं जातं, पण तेवढ्याच पैशात टेरामास्टरसारखी कंपनी बहुधा जास्त ताकदीचं यंत्र देते. घरात ते सांभाळणारं कुणी हुशार असेल तर यंत्र बघा. तुम्हालाच सांभाळायचं असेल तर सोपेपणा बघा. मी दुसरं केलं.

याहून स्वस्त अशा नुसत्या यूएसबीच्या पेट्याही मिळतात. त्यातही दोन-चार डिस्क बसतात, म्हणून दिसायला तशाच दिसतात. पण ती पेटी एकाच संगणकाला जोडली जाते. घरातल्या सगळ्यांना हवी असेल तर तो संगणक चालू ठेवावा लागतो. शिवाय त्यातल्या काहींमध्ये डिस्कची जोडी पेटीच्या स्वतःच्या चिपने बांधलेली असते. पेटीच बिघडली तर डिस्क चांगल्या असूनही तीच पेटी पुन्हा शोधत फिरावं लागतं. स्वस्त म्हणून घ्यायला हरकत नाही, पण काय घेतोय ते समजून घ्या.

डिस्क घेताना एकच प्रश्न नक्की विचारा: "ही सीएमआर आहे की एसएमआर?" सीएमआरमध्ये माहितीच्या रेघा शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये त्या मंगळोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात ना, तसंच तिचं होतं. साध्या साठवणीला ती चालते, पण अशा डब्यात एक डिस्क बदलून दुसरी भरायची वेळ आली की फार रेंगाळते. सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलच्या रेड प्लस या डिस्क सीएमआर आहेत. नुसतं "रेड" आणि "रेड प्लस" यात फरक आहे, तेव्हा प्लस बघून घ्या. दोन्हींवर तीन वर्षांची वॉरंटी असते, बिल सांभाळा. जमलं तर दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या. एकाच गठ्ठ्यातल्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडण्याचा धोका थोडा कमी होतो. डिस्क लावल्यावर डब्याच्या सेटिंगमध्ये ती किती तास चालली आहे ते दिसतं. नवी म्हणून घेतली आणि तिथे हजारो तास दिसले, तर त्याच दिवशी परत करा.

चार टेराबाइटची डिस्क लावल्यावर ३.६ दिसेल, घाबरू नका. कारखाना हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने, एवढंच त्यात आहे.

विजेचा हिशेब बायकांनाच विचारला जातो, म्हणून तोही केला. आमचा डबा सरासरी पंधरा वॅट घेतो असं धरलं तर वर्षाला एकशे तीस युनिट होतात. दहा रुपये दराने तेराशे रुपये. रात्री अकरा ते पहाटे पाच तो आपोआप बंद होईल असं लावून ठेवलंय, म्हणजे त्याहून थोडं कमीच. एक छोटा यूपीएस मात्र लावाच. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कच्या फाईली बिघडू शकतात, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा भरवसा कुणी द्यावा?

जागेचाही विचार करा. डबा गरम असतो, त्याला छिद्रं असतात आणि पावसाळ्यात मुंग्यांना अशी कोरडी, ऊबदार जागा फार आवडते. एकदा आत वारूळ झालं की साफ करताना हिंसा टळत नाही. म्हणून जमिनीवर नको, भिंतीला टेकवून नको, स्वयंपाकघराजवळ तर नकोच. उंच फळीवर ठेवा आणि दर पंधरवड्याला मऊ कुंच्याने भोवतालची धूळ यत्नपूर्वक काढा. शक्यतो स्वाध्यायाच्या खोलीत ठेवू नका, पंख्याची आणि डिस्कची घरघर शांततेत चांगलीच ऐकू येते.

आणि तो डबा इंटरनेटवर उघडा ठेवू नका. "गावाला गेल्यावरही फोटो दिसतील" म्हणून मुलं राउटरमधून वाट करून देतात. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अशा उघड्या ठेवलेल्या हजारो डब्यांतल्या फाईली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला पैसे मागितले. घरातलं घरात राहू द्या, पासवर्ड मोठा ठेवा, अपडेट आलं की करून टाका.

इतकं सगळं करून आम्ही डबा बसवला, आरसा लावला आणि मुलगा म्हणाला, "आई, आता काही जाणार नाही." इथेच माझं आणि त्याचं खरं भांडण झालं.

आरसा म्हणजे प्रत नव्हे, मैत्रिणींनो. हे एक वाक्य या लेखातून घेऊन गेलात तरी पुरे. आरशात जे समोर असतं तेच दिसतं. तुमच्या हातून एक फोल्डर पुसला गेला तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाईल बिघडवली तर दोन्हीकडे बिघडते. चोर डबा उचलून नेतो तेव्हा एक डिस्क मागे ठेवत नाही. आरसा फक्त एका संकटावर उपाय आहे, एक डिस्क मरण्यावर. चार खण घेतले काय, आठ घेतले काय, डबा एकच असतो आणि घरही एकच असतं.

माझं माहेर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं, तेव्हा वस्तू माळ्यावर चढवायलाही किती घरांना वेळ मिळाला? ज्यांचे अल्बम गेले त्यांना विचारा. पाणी डब्याचे खण मोजत नाही.

म्हणून चार खणांच्या डब्याचे जे पैसे वाचले, त्यातून आम्ही दहा हजारांची एक साधी बाहेरची डिस्क घेतली. महत्त्वाचं सगळं तिच्यावर उतरवलं आणि ती पुण्यात धाकट्या बहिणीच्या कपाटात ठेवली. वर्षातून दोनदा ती येते, भरली जाते, परत जाते. तिची डिस्क आमच्याकडे असते. भाडं नाही, हप्ता नाही. आणि ते निवडलेले नव्वद जीबी गूगलच्या शंभर जीबीच्या योजनेतही ठेवले, महिना १३० रुपये. १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट साठवण बंद झाली आणि पंधरा जीबीच फुकट उरले, तेव्हा मीही चिडले होते. पण थोडंच ठेवायचं असेल तर हा खर्च जड नाही. सगळंच तिथे टाकायचं म्हटलं तर दोन टेराबाइटला महिना साडेसहाशे, म्हणजे पाच वर्षांत ३९ हजार, जवळजवळ आमच्या डब्याएवढेच, आणि हप्ता थांबला की जागाही गेली.

हे काही नवं शहाणपण नाही, आपल्याच घरातलं आहे. दहाव्या शतकातली दानचिंतामणी अत्तिमब्बे आठवा. महाकवी पोन्नाचं शांतिपुराण नष्ट होईल की काय अशी काळजी तिला वाटली, तेव्हा तिने त्या पोथीसाठी मोठी पेटी करवली नाही. तिने ताडपत्रांवर एक हजार प्रती लिहून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना येण्याच्या कितीतरी शतकं आधी एका श्राविकेला कळलं होतं, की ग्रंथ जपायचा तर तो हातातून सोडावा लागतो.

उलट बाजूही आपल्याच इतिहासात आहे. षट्खंडागमावरची आचार्य वीरसेनांची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर राहिली. यात्रेकरू दर्शन घेऊन परतत, वाचायला मिळत नसे. तिथल्या लोकांनी ती प्राणपणाने सांभाळली, त्यांचे उपकार आहेतच. पण एखादी आग, एखादी वाळवी, आणि काय झालं असतं? सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांनी प्रती करण्याचा ध्यास घेतला. नंतर प्रा. हिरालाल जैन यांनी संपादन केलं आणि १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून पहिला खंड छापून बाहेर पडला. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले, ते फलटणला आहेत. ताडपत्र एका गावात, तांबं दुसऱ्या गावात आणि कागद घरोघरी. तीन प्रती, तीन जागा, तीन जातींचं साहित्य. आजचे संगणकवाले हाच नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

कुणी म्हणेल, कुठे जिनवाणी आणि कुठे आमचे फोटो! खरं आहे, बरोबरी नाहीच. आणि एका बाजूला ममत्व सोडा म्हणायचं, दुसऱ्या बाजूला तीन तीन प्रती करा म्हणायचं, हा विरोध माझ्याही मनात आला. मी त्याचं उत्तर असं दिलं आहे: निवडताना कठोर व्हायचं आणि निवडलेलं वाटून टाकायचं. सासूबाईंचा आवाज मी माझ्यापुरता धरून बसले होते, "माझ्याकडे आहे" या समाधानात. वन्संना, जावेला, नातवंडांना तेव्हाच दिला असता तर तो आज आमच्या सगळ्यांकडे असता. एकटीने सांभाळण्यात ममत्व होतं, वाटण्यात नसतं.

ज्यांना चाळीस हजार नको आहेत किंवा परवडत नाहीत, त्यांनी डबा घेऊच नये. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, दोन टेराबाइटच्या. एक घरी, एक बहिणीकडे किंवा मुलीच्या सासरी. वर्षातून दोनदा दोन्ही भरा. चार खणांचा डबा घेऊन निश्चिंत बसलेल्या घरापेक्षा तुमचं घर जास्त सुरक्षित आहे, हे मी खात्रीने सांगते.

आणि तारीख ठरवा. आमच्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमी, श्रुतपंचमी, हा दिवस ठरला आहे. सकाळी ग्रंथांची वेष्टनं बदलतो, पूजा होते. दुपारी पुण्याची डिस्क लावतो आणि तिच्यातल्या कुठल्याही पाच फाईली उघडून बघतो. नुसती प्रत आहे म्हणून चालत नाही, ती उघडते का ते बघावं लागतं. यंदा पहिली फाईल उघडली ती ती अट्ठेचाळीस सेकंदांची. सासूबाई म्हणता म्हणता मध्येच थांबतात आणि मला विचारतात, "गॅस बंद केलास का गं?"

आता ती सात घरांत आहे.